पाटीच्या कडेवरचा अंगठा

निम्मा रस्ता संपला, गोदामांची लांब भिंत सुरू झाली, तरी मामाचं तेच चाललं होतं.

"तो म्हातारा काय म्हणाला ग?"

"कोणता म्हातारा?" भाचीने विचारलं. कोणता ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"मफलरवाला. पाटी हातात घेऊन उभा होता बघ. डोळे पुसत होता."

"काही नाही. छान आहे म्हणाला."

"आँ?"

"छान आहे म्हणाला, छान!"

भिंतीवरची दोन कबुतरं फडफडून उडाली. मामाने मान हलवली, चार पावलं टाकली आणि पुन्हा थांबला. "छान आहे म्हणायला एवढा वेळ लागतो होय? त्याचे ओठ किती वेळ हलत होते. मी काय आंधळा आहे?"

दुकान सुटल्यावर दोघं एरवी बसने घरी जात. आज मामा थांब्यावर थांबलाच नाही. सरळ पुढे चालत सुटला आणि ती निमूट मागोमाग निघाली. कारण तिला कळलं होतं. बहिऱ्या माणसाशी बसमध्ये गुपित बोलता येत नाही. त्याला ऐकू जाईल असं बोलायचं तर ड्रायव्हरपासून शेवटच्या बाकापर्यंत सगळी बस साक्षीला बसवावी लागते. गोदामांच्या मागचा हा रस्ता संध्याकाळी ओस असतो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गटार, आणि तासाभराने पूल. पुलापलीकडे मामाच्या दोन खोल्या.

या रस्त्याने तो तिला शाळेत पोचवत असे. तिची आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण, गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. रोज सकाळी मामा तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून चालायचा, फाटकाशी ते तिच्या खांद्यावर द्यायचा आणि म्हणायचा, "नीट लिही. अक्षर बघून माणसाने थांबलं पाहिजे." त्याला स्वतःला एक अक्षर येत नव्हतं. पगाराच्या वहीत, रेशनच्या कागदावर, भाचीच्या प्रगतिपुस्तकावर, सगळीकडे त्याचा अंगठा. तिच्या वर्गातली पोरं चिडवायची, तुझा मामा अंगठाबहाद्दर. ती घरी येऊन रडली तेव्हा मामा म्हणाला होता, "त्यांना सांग, सहीची नक्कल कुणीही करेल. अंगठ्याची नाही करता येत."

दुकानात त्याला सगळे टिचकीमामा म्हणत. तो जन्मला वीटभट्टीवर. आईबाप विटा थापायचे, आणि भाजलेली वीट कच्ची की पक्की हे वाजवून ओळखायची विद्या त्याला चालता येण्याआधी आली असावी, असं मामी म्हणायची. वीट उचलायची, नखाने टिचकी मारायची. पक्की असली तर टण्ण. कच्ची असली तर ठप. मधलेही सूर असत, आणि ते फक्त त्यालाच कळत. जुन्या वस्तूंचा व्यापार करणारे थोरले मालक एकदा भट्टीवर विटा घ्यायला आले आणि विटांऐवजी हा कान घेऊन गेले.

कारण त्यांच्या दुकानात बॅबिलोनच्या पाट्या येत.

बॅबिलोन म्हणजे कुठे, हे मामाने कधी विचारलं नाही. चार हजार वर्षांपूर्वी तिथली माणसं ओल्या मातीची तळहाताएवढी पाटी करत, बोरूच्या टोकाने तिच्यावर पाचरीसारख्या खुणा दाबत आणि ती उन्हात वाळवत. झालं पत्र, झाला दस्तऐवज. काही पाट्या आगीत सापडून पक्क्या भाजल्या गेल्या, बाकीच्या कच्च्याच राहिल्या. अशा पाट्या कुणा शौकिनाच्या कपाटातून निघायच्या, दुकानात यायच्या आणि लिलावात दुसऱ्या शौकिनाच्या कपाटात जायच्या. मधले दोन-तीन महिने त्या मामाच्या टेबलावर असत. त्यांच्या अंगात मीठ मुरलेलं असतं. ते पांढऱ्या बुरशीसारखं वर येतं आणि अक्षरांचे पापुद्रे सोडवतं. पक्की पाटी असेल तर उपाय सोपा: पाण्यात ठेवायची, पाणी बदलत राहायचं, पंधरा दिवसांत मीठ उतरतं. कच्च्या पाटीला मात्र पाण्याचा थेंब दाखवायचा नाही. ती कोरड्या कुंचल्यानेच झाडायची. तेव्हा सगळं अडतं ते पहिल्या टिचकीवर.

एक दुसरी परीक्षाही असते. पाटीच्या मागच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब सोडायचा आणि घटकाभर बघायचं, माती मऊ पडते का. पण ती शिकाऊ लोकांसाठी. मामाने चाळीस वर्षांत कधी थेंब सोडला नाही. त्याची गरजच काय? कान होता ना.

कान गेला हे सगळ्यात आधी मामीला कळलं. कुकरच्या शिट्ट्या होऊन डाळीचा कोळसा झाला आणि हा शेजारी बसून चहा पीत होता. "आता शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे," मामी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. तिने भाचीला सांगितलं, आणि दोघींनी मिळून कानावर हात ठेवले. कामाशिवाय हा माणूस आठ दिवस जगला नसता, हे त्यांना दिसत होतं. भाची तोवर त्याच दुकानात वस्तूंची वर्णनं लिहायच्या कामाला लागली होती. मामानेच लावलं होतं. तिचं टेबल त्याच्या टेबलाला लागून. थोरल्यांच्या मागून आलेल्या मालकांनी हाक मारली की ती पायाने त्याच्या टेबलाची फळी हलवायची, मग तो मान वर करायचा. मालक म्हणायचे, "कामात काय गुंगतो हा माणूस!" आणि ती हसून मान डोलवायची. हे हसणं तिने पुढे किती वेळा आठवलं, त्याचा हिशेब फक्त देवाकडे.

एक्केचाळीस क्रमांकाची पाटी आली तेव्हा तिने टेबलाच्या या बाजूने ते पाहिलं होतं. मामाने पाटी डाव्या तळहातावर घेतली, डोळे मिटले, टिचकी मारली. मग पुन्हा मारली. मग तिसऱ्यांदा. पूर्वी तो एकदाच मारायचा. तिसऱ्या टिचकीनंतर तो म्हणाला, "पक्की." इतक्या ठामपणे म्हणाला, की तिच्या ओठांवर आलेला शब्द तिने गिळला. थेंब सोडून बघू या का, एवढंच म्हणायचं होतं तिला. बहिऱ्या माणसाला थेंबाची आठवण करून देणं म्हणजे, मामा, तुझा कान गेला, असं तोंडावर सांगणं. ती लिहायला वळली. चष्मेवाले तज्ज्ञ साहेब पाटी वाचून गेले होते, त्यांचं टिपण समोर ठेवून तिने सुरेख अक्षरात लिहिलं: ‘बहिणीने भावाला लिहिलेलं पत्र. तेवीस ओळी. तीनदा निरोप पाठवूनही उत्तर नाही, तुझी खुशाली कळव, अशी विनवणी. डाव्या कडेवर लिहिणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा स्पष्ट.’ मामाने ते तिच्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं. "मग त्या भावाने कळवली का खुशाली?" त्याने विचारलं. "ते कसं कळणार, मामा?" "हं," तो म्हणाला आणि पाटी जाळीच्या तबकावर ठेवून अलगद पाण्यात सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी टबावरचं फडकं काढलं तर पाणी दूध घातलेल्या चहासारखं झालं होतं. तबकावर पाटीच्या आकाराचं एक मऊ ढेकूळ होतं. त्याच्यावर एकही खूण उरली नव्हती. तिने नकळत हात पुढे केला तेव्हा मामा ओरडला, "हात घालू नकोस!" आणि मग ढेकूळही एका बाजूला कललं आणि बसलं.

मामा स्टुलावर बसला. त्याने स्वतःचं नख डोळ्यांसमोर धरून पाहिलं, उलटं, सुलटं. बराच वेळ. मग म्हणाला, "वाजली होती. मला वाजल्यासारखी वाटली होती."

मालक आले, त्यांनी टब पाहिला, दार लावून घेतलं. मालक वाईट माणूस नव्हते. थोरल्या मालकांइतके खमकेही नव्हते. त्यांनी आरडाओरडा केला नाही, कपाळाला हात लावून भिंतीशी टेकले. लिलावाची यादी छापून गेली होती. पाटी कुणा म्हाताऱ्या बाईंच्या दिवंगत यजमानांच्या संग्रहातली, विश्वासाने ठेवलेली. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, "फोटो आहेत. सहाही बाजूंचे." मग टबात वाकून पाहिलं. "माती तीच आहे," ते म्हणाले. "अक्षरं तीच असतील. मग खोटं काय त्यात? तुमच्या हातून गेली, तुमच्या हातून येऊ द्या. ठाऊक असणारे आपण तिघंच." मामाला ऐकू गेलं नव्हतं. मालक भाचीकडे बघत राहिले. सांगायचं काम तिच्यावर आलं. तिने त्याच्या कानाशी वाकून ते जसंच्या तसं सांगितलं. ‘असं करू नकोस’ एवढं जोडायला तिला कुणी मनाई केली नव्हती.

मामाने गाळ दुहेरी फडक्यातून गाळला. एक कण वाया जाऊ दिला नाही. अकरा दिवस माती सुकत होती, तोवर त्याने फोटो मोठे करून भिंतीवर लावले, बोरू तासला आणि साध्या मातीवर हात बसवला. आयुष्यात पेन न धरलेला माणूस तीन दिवसांत बॅबिलोनचं पत्र लिहायला लागला! भाची बघत राहिली. तो अक्षरं लिहीत नव्हता, खुणांची नक्षी उतरवत होता, पण लेखणीचा तिरकेपणा, दाब, ओळीच्या शेवटी दाटीवाटीने बसलेल्या खुणा, सगळं हुबेहूब. बाराव्या दिवशी त्याने खरी माती हातात घेतली आणि जेवायला न उठता तेवीस ओळी पुऱ्या केल्या. "बघ," तो म्हणाला. डोळ्यांत लहान मुलासारखा आनंद होता. "मला पण लिहिता येतं." तो आनंद एवढुसा होता आणि लगेच विझला, पण तिने तो पाहिला होता.

सुकल्यावर चष्मेवाले साहेब आले. भिंगातून बघितलं, पाटी उलटीपालटी केली. म्हणाले, "मीठ उतरल्यावर काय खुललीय! एवढी स्वच्छ अक्षरं क्वचित दिसतात." मालक हसले, जरा जास्तच हसले आणि म्हणाले, "आमचे टिचकीमामा. मामा, मारा की टिचकी, साहेबांना दाखवा!" भाचीने फळी हलवली. मामाने पाटी तळहातावर घेतली, टिचकी मारली आणि कान लावल्यासारखं केलं. साहेबांनी टाळी वाजवली.

हे सगळं तिला ठाऊक होतं. एक सोडून. ते आज, या रस्त्यावर, तिला कळायचं होतं.

उद्या अकराला लिलाव. आज शौकिनांना वस्तू हाताळून बघायचा दिवस. मामा तबक धरून उभा होता. मफलरवाल्या म्हाताऱ्याने विचारून पाटी उचलली, कडेवर आडवी धरली आणि त्या ठशावर हळूच स्वतःचा अंगठा टेकवला. मग त्याचे डोळे भरून आले. तो बरंच काही बोलला. जाताना पाटी परत तबकात ठेवून त्याने मामाचा उजवा हात दोन्ही हातांत घेतला आणि दाबला.

"सांग ना ग," मामा म्हणाला. गोदामांची भिंत संपत आली होती. "तुला माझ्या बहिणीची शपथ."

शपथेचं नाव निघालं आणि तिचे पाय थांबले. तिने मागेपुढे बघितलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तिने दोन्ही हातांची ओंजळ करून तोंड त्याच्या कानाशी नेलं.

"तो म्हणाला, माझी बायको गेल्यापासून मला कुणी हात लावलेला नाही! म्हणाला, या ठशावर अंगठा ठेवला आणि वाटलं, चार हजार वर्षांमागच्या माणसाने माझा हात धरला! म्हणाला, घरातलं सगळं विकीन पण ही घेईन! उशाशी ठेवीन!"

ओरडून तिचा घसा दुखला. असलं वाक्य ओरडायचं नसतं. ओरडल्यावर ते भांडणासारखं वाटत होतं.

मामा पुढे चालू लागला.  त्याच्या चपलेचा एक पट्टा सैल झाला होता, तो फट् फट् वाजत होता आणि त्याला ते कळत नव्हतं. पुलाच्या कठड्यापाशी तो बसला. खाली पाणी काळं, संथ, सगळ्या गावाचा मळ घेऊन चाललेलं.

"तो ठसा माझा आहे," मामा म्हणाला.

"काय?"

आज पहिल्यांदा ती "काय" म्हणाली होती.

"फोटोत अंगठा दिसत होता. बोरूने तसल्या बारीक रेघा येईनात. जागा मोकळी सोडावी तर साहेबांना दिसली असती. शेवटी मी माझाच दाबला." त्याने उजवा अंगठा वर धरला. मधोमध भट्टीवर भाजल्याचा जुना तिरका डाग होता, प्रगतिपुस्तकावर ज्याची दरवेळी पांढरी रेघ उमटायची तो. "डागासकट आलाय. तू पाहिलं नाहीस?"

तिने पाहिलं नव्हतं. तिने त्या पाटीकडे नीट बघणंच टाळलं होतं.

"त्या बाईचं पत्र मी पुसलं. भावाला लिहिलं होतं बिचारीने. ते पाप माझ्या कानाचं. पण हे..." तो थांबला. "तो माणूस माझा अंगठा उशाशी घेऊन झोपणार, पोरी. जिवंत माणसाचा. आणि वर माझाच हात हातात घेऊन गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं."

"मालकांना सांगू या, मामा."

त्याला ऐकू आलं की ओठ कळले, कोण जाणे. "मालक म्हणतील म्हातारा चळला. त्या मफलरवाल्याला जाऊन सांगितलं तर तो विचारेल ते मला ऐकू येणार नाही, आणि मालक शेजारी उभे. तोंडी बोलून काही व्हायचं नाही. मी सगळा विचार केलाय." त्याने सदऱ्याच्या खिशातून एक चपटी डबी काढली. दुकानातलं शिक्क्यांचं शाईचं पॅड होतं ते. "प्रत्येक वस्तूच्या पेटीत कापसाखाली तुझा वर्णनाचा कागद असतो. त्याच्याखाली अजून एक ठेव. पाटी मी केली, कधी केली, कशी केली, लिही. खाली मी अंगठा देतो. मग कुणी खोटं म्हणो की खरं म्हणो, कागद पाटीच्या कडेला लावून बघा म्हणावं."

 तिने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण देवाकडे ती वाट मागत नव्हती, पळवाट मागत होती. दुकानातले सगळे तिचं अक्षर ओळखत. उद्या पेटी उघडली की कागद कुणी लिहिला हे मालकांना विचारावंही लागणार नाही. मामाला उद्यापासून कुठे बसायला टेबल राहणार नाही, आणि तिलाही. घरी तिच्या दोन मुली शाळेतून आल्या असतील, दाराशी वाट बघत असतील. उद्या लिलावात कुणी काही बोललं नाही, तर सगळं जसंच्या तसं चालत राहील. मालक म्हणालेच होते, आपण तिघंच.

"मामा," ती त्याच्या कानाशी ओरडली, "मला कामावरून काढतील! तुलाही! लोक तुझ्या चाळीस वर्षांच्या कामाला खोटं म्हणतील!"

हे त्याला ऐकू गेलं. त्याने मान हलवली, दोनदा.

"तीन वेळा टिचकी मारली मी," तो म्हणाला. "तू बघत होतीस. मला माहीत आहे, बघत होतीस ते."

तिने नजर त्याच्या चपलेच्या सैल पट्ट्याकडे वळवली.

"तुला बोल लावत नाही, ग. मला थेंब सोडायची लाज वाटली, तुला सांगायची लाज वाटली. एकाच घरची माणसं आपण." तो किंचित हसला. "मला येत असतं तर तुला त्रास दिला नसता. त्या खुणांच्या मी तेवीस ओळी काढल्या, पण त्यातली एकही माझी नव्हती. आपली एक ओळ लिहायची म्हटली तर मला तूच आहेस. म्हणून तर दप्तर उचललं तुझं."

त्याने डबीचं झाकण उघडलं. कागद निघायच्या आधीच, जसं आयुष्यभर कचेऱ्यांमधून त्याच्याकडून करून घेतलं होतं तसं, अंगठा शाईत दाबला आणि कुठे लागू नये म्हणून छातीपासून लांब, उभा धरून बसला. पुलावरून एक रिकामी बस खडखडत गेली. तिने पिशवीत हात घातला. वर्णनाच्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा हाताला लागला, आणि हात तिथेच राहिला.

"लिही, पोरी," मामा म्हणाला. "शाई वाळतेय."